शोधनिबंध छापायचा आहे? थोडे थांबा!

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. कबनूरच्या आमच्या वस्तीत समाजमंदिरातील बैठक आटोपून आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन आल्या. या भगिनी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करतात. मुलगी एम.ए. होऊन पीएच.डी. करते आहे. घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. मुलीच्या हातात मोबाईल होता आणि आईच्या हातात रुमालात बांधलेले भिशीचे तीन हजार रुपये.

“काका, माझा लेख स्वीकारला!” मुलगी आनंदाने म्हणाली.

तिने लेख शनिवारी रात्री पाठवला होता आणि रविवारी सकाळी उत्तर हजर. अभिनंदन, आपला शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकासाठी स्वीकारला आहे, उद्यापर्यंत तीन हजार रुपये भरा, तीन दिवसांत छापून मिळेल, सोबत रंगीत प्रमाणपत्र. पैसे मोबाईलवरून कसे पाठवायचे एवढेच विचारायला त्या दोघी आल्या होत्या.

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून आमचा जन्म आवक-जावकच्या नोंदवहीत गेला. पत्र हातात आले की आधी जावक क्रमांक, पत्ता आणि सही पाहायची, ही सवय. या पत्रावर यांपैकी काहीच नव्हते. मुलीला आम्ही एकच विचारले, “बाळ, तुझ्या लेखाबद्दल त्यांनी तुला एक तरी प्रश्न विचारला का?” ती गप्प झाली. चाळीस पानांचा लेख एका रात्रीत वाचून ज्याला एकही शंका येत नाही, त्याने तो वाचलेला नाही, हे सांगायला पदवी लागत नाही.

इथे वाचकांपुढे एक कबुली द्यायला हवी. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका मुलाचा लेख असाच पैसे भरून छापला गेला. पैसे आम्हीच उसने दिले होते आणि अंक आल्यावर वस्तीत पेढेही आम्हीच वाटले. पुढे तो एका मुलाखतीला गेला. समोरच्या गृहस्थांनी अंक चाळला आणि शांतपणे विचारले, “हा लेख छापण्यापूर्वी कोणी तपासला होता?” पोराला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी तो घरी जेवला नाही आणि आम्हालाही घास गोड लागला नाही.

हा प्रकार आपल्याच मुलांपुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून तब्बल 4,305 नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी यादीतील 1,009 नियतकालिके तपासून त्याचा अहवाल ‘करंट सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापला. 349 नियतकालिकांचा पत्ता, संपादकांची नावे अशी साधी माहितीच चुकीची किंवा गायब होती, आणि किमान कसोटीला उतरली ती फक्त 112. त्यानंतर 2019 मध्ये आयोगाने ‘केअर’ नावाची नवी यादी आणली. तीही 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली. म्हणजे आता पारख ज्याची त्यानेच करायची. ज्यांच्या घरात आधी कोणी प्राध्यापक झालेले नाही, त्यांच्या पोरांनी ही पारख कोणाला विचारायची? पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगाने 2022 च्या नियमांत काढली, हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढे मात्र पाहून घ्यावे.

मुलगी हिरमुसली होती. आम्ही कपाटातून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. महाराष्ट्र शासनाने 1979 साली प्रसिद्ध केलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला हा खंड आपल्या अनेक घरांत आहे. त्यावर हार चढतो, पण तो उघडला कितीदा जातो?

या खंडात बाबासाहेबांचा ‘भारतातील जाती’ हा निबंध आहे. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला. वय अवघे पंचवीस. छापून आला तो मे 1917 मध्ये, ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मुंबईत स्थापन झालेल्या नियतकालिकात. म्हणजे वाचन आणि छपाई यांत एक वर्ष गेले. तीन दिवस नव्हे!

निबंधाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. बाबासाहेब आपले मत एकदम मांडत नाहीत. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले मराठी ज्ञानकोशकार केतकर या चौघांनी जातीची व्याख्या कशी केली ते आधी सांगतात. केतकरांचे जिथे पटते तिथे मोकळेपणाने मान्य करतात आणि नंतर त्यांचेही कुठे अपुरे पडते ते दाखवतात. मग जातीच्या आतच लग्न करण्याची रीत हे जातीचे खरे मूळ, हा स्वतःचा सिद्धान्त मांडून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची संगती त्याच्याशी लावतात. शेवटी, आपला सिद्धान्त चुकीचा ठरला तर तो सोडून देण्याची तयारीही दाखवतात. शोधनिबंध कसा लिहावा याचा यापेक्षा चांगला धडा आम्हाला तरी माहीत नाही.

यातच आमच्या कारकुनी डोळ्याला एक गंमत सापडली. त्या अंकाचा खंड क्रमांक अनेक ठिकाणी 41 असा छापलेला आढळतो. ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू झाले 1872 साली, वर्षाला एक खंड. बोटांवर मोजले तरी 1917 चा खंड 46 वा येतो. एकाने चुकीचा आकडा लिहिला की पुढचे शंभर जण तोच उतरवून घेतात. म्हणून संदर्भ दुसऱ्याच्या लेखातून उचलू नये, मूळ पान उघडून पाहावे.

पण मुलीला खरा धीर आला तो दुसऱ्या हकिकतीने. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1922 मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. इंग्रज सरकारच्या चलन-धोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. जवळचे पैसे संपत आलेले, म्हणून बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्ट 1923 मध्ये लंडनला पाठवला. त्याच वर्षाअखेर डी.एस्सी. मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने निघाला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांना त्यातील सारी मते मान्य नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आणि मतभेद त्या प्रस्तावनेतच नोंदवले. माणगाव परिषदेत, म्हणजे आपल्याच हातकणंगले तालुक्यात, मार्च 1920 मध्ये ज्यांचे स्वागत झाले, ज्यांचे निबंध त्याआधीच छापून आले होते, त्यांचाही प्रबंध परत आला होता!

भिशीचे पैसे पुन्हा रुमालात गेले आणि पुढच्या रविवारपासून काम सुरू झाले.

मुलीचा विषय कांड्या भरणाऱ्या स्त्रियांची मजुरी. आधी नियतकालिक ठरवायचे, मग लेखाला शेवटचा हात लावायचा, हे आम्हाला एका प्राध्यापक मित्राने सांगितले. विषय चांगला असूनही लेख परत येतो, कारण तो भलत्याच दारात नेलेला असतो. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे 1949 पासूनची परंपरा सांगणारे साप्ताहिक लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाही. मराठीतही ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ यांनी अभ्यासकांना हक्काची जागा दिली. (पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे असते असे नाही, परदेशातील काही चांगलीही शुल्क घेतात. पण ती लेख तपासल्यावर घेतात, आणि शुल्काचा आकडा आधीपासून जाहीर असतो.) आठ अंकी आयएसएसएन क्रमांक आहे म्हणून हुरळूनही जाऊ नये. तो मोटारीच्या नंबरासारखा आहे. गाडी कोणती ते कळते, ड्रायव्हर कसा आहे ते कळत नाही.

मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन दोन वर्षांचे अंक चाळून आली. लेख किती शब्दांचा, सारांश किती ओळींचा, संदर्भ कोणत्या पद्धतीने, हे तिने वहीत उतरवले. चाळीस पाने कापून बावीसवर आणताना तिला रडू आले. आम्ही फक्त तक्ते तपासले. दोन तक्त्यांची बेरीज जुळत नव्हती! ज्या बायकांनी माहिती दिली त्यांची नावे बदलली, कारखान्यांची नावे काढली, आणि प्रत्येकीला विचारून तिची संमती घेतली. तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये म्हणून मुलीचे नाव, कॉलेज सारे वेगळ्या पानावर ठेवले. इथे आम्हाला फार बरे वाटले. ज्या कागदावर आडनाव नाही, तो कागद नुसत्या मजकुरावर तोलला जातो, ही काही लहान गोष्ट नाही.

सोबतचे पत्र आम्ही लिहिले. लेखाचे नाव, तो स्वतःचा आहे, पूर्वी छापलेला नाही, दुसरीकडे पाठवलेला नाही, एवढेच. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा हा या व्यवहाराचा शिरस्ता आहे. एक प्रत ई-मेलमध्ये, एक पेन-ड्राइव्हवर आणि एक छापून पेटीत ठेवायला लावली. पहिल्या महायुद्धात जहाज बुडाले आणि त्याबरोबर बाबासाहेबांची पुस्तके समुद्रात गेली, ही गोष्ट मुलीला ठाऊक होती, त्यामुळे समजावून सांगावे लागले नाही.

दिवाळीनंतर लेख गेला. पोहोच आली. मग महिने गेले. आई दर आठ दिवसांनी विचारायची आणि मुलगी चिडायची. जयंतीच्या मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात उत्तर आले. दोन तपासनिसांचे मिळून साडेतीन पानांचे शेरे, आणि सुधारून पुन्हा पाठवावा अशी सूचना.

“म्हंजे नापास केलं व्हय वो दादा?” आईने काळजीने विचारले.

“नाही वहिनी. कोणीतरी नीट वाचलंय,” आम्ही म्हणालो.

एका शेऱ्यात विचारले होते की, वीज गेल्यावर किंवा सूत येईपर्यंत बाया बसून राहतात, तो वेळ रोजच्या मजुरीच्या हिशेबात धरला आहे का? मुलीने तो धरला नव्हता. ती पुस्तकांत शोधू लागली. आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “मला इचार की. बसल्याला कोन पैसं देतंय?” आणि मग कोणत्या महिन्यात किती वेळ बसावे लागते, सूत संपल्यावर कोणाला आधी घरी पाठवतात, हे सारे तिने तोंडपाठ सांगितले. मुलीने पीठ लागलेल्या वहीत ते लिहून घेतले. नंतर आणखी अकरा जणींना हाच प्रश्न विचारून तिसरा तक्ता नव्याने केला.

प्रत्येक शेऱ्याला क्रमवार उत्तर लिहिले. दोन ठिकाणी तपासनिसाचे म्हणणे मुलीला पटले नाही. तिथे तिने नम्रपणे कारणे देऊन आपले मत कायम ठेवले. गेल्या मंगळवारी लेख पुन्हा रवाना झाला. पोहोच आली आहे. क्रमांक आम्ही आमच्या वहीत टिपून ठेवला आहे.