परवान्यापुरता रक्तदाब

अमेरिकेत हौसेखातर विमान चालवणाऱ्या माणसाला चाळिशीपर्यंत सहसा पाच वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. चाळिशी ओलांडली की दर दोन वर्षांनी. तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, या तपासणीत रक्तदाबासाठी एक रेषा आखून दिली आहे : १५५/९५. त्याच्या आत असाल तर चालेल. युरोपात हीच रेषा १६०/९५ वर आहे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेतल्याच हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली उच्च रक्तदाबाची सुरुवात १३०/८० पासून धरायचं ठरवलं. त्याआधी ती १४०/९० पासून धरत, आणि जगात अनेक ठिकाणी आजही तशीच धरतात. म्हणजे पन्नाशीच्या एखाद्या वैमानिकाचा रक्तदाब १५०/९२ असेल, तर विमानाच्या हिशेबात तो पास आणि कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या हिशेबात रुग्ण. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात बरेच मध्यमवयीन वैमानिक वर्षानुवर्षं निवांत राहतात, आणि त्यांचं खरं नुकसान तिथेच होतं.

ही रेषा इतकी वर का, याचं उत्तर तिच्या कामात आहे. येत्या दोन वर्षांत हा माणूस हवेत असताना अचानक निकामी होण्याचा धोका फार आहे का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं असतं. सत्तराव्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडांची, डोळ्यांची किंवा हृदयाच्या धमन्यांची काय अवस्था असेल, हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही. आणि रक्तदाबाचा स्वभाव असा की तो सगळा हिशेब लांबच्या मुदतीवर करतो. २००२ साली ६१ अभ्यासांमधली सुमारे १० लाख माणसांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. चाळीस ते एकोणसत्तर या वयोगटात ११५/७५ पासून वर जाताना वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. ११५ च्या तुलनेत १३५ ला दुप्पट, १५५ ला चौपट. या आलेखात १५५ वर कुठेही कडा नाही की त्याच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे दरी. चढ फार आधी सुरू होतो आणि प्रमाणपत्राची रेषा त्या चढावर बऱ्याच उंचीवर मारलेली आहे.

गंमत अशी की एफएएचे नियम खुद्द रक्तदाबाशी कमालीचे सौम्य वागतात. कायद्यात १५ आजारांची एक यादी आहे. त्यांतला एकही झाला असेल तर प्रमाणपत्र सरळ हातात पडत नाही. छातीत दुखण्याचा अंजायना, हृदयविकाराचा झटका, उपचार घ्यावे लागलेला हृदयधमन्यांचा विकार, पेसमेकर, कृत्रिम झडप हे सगळं त्या यादीत आहे. उच्च रक्तदाब मात्र त्यात नाही. उलट, गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात असेल, त्रास काही नसेल आणि उपचार स्थिर असतील, तर तपासणारा विमानवैद्यकतज्ज्ञ फाइल वर न पाठवता सहसा त्याच भेटीत प्रमाणपत्र देऊ शकतो. गोळ्यांचे तीन प्रकार एकत्र घेतले तरी चालतात. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, क्लोरथॅलिडोन, मेटोप्रोलॉल अशी नावं घरोघरीच्या औषधांच्या डब्यात असतात; यांपैकी बहुतेक वैमानिकालाही चालतात. चालत नाहीत ती मुख्यतः मेंदूवर काम करून रक्तदाब उतरवणारी क्लोनिडिन किंवा मिथिलडोपासारखी औषधं, कारण त्यांनी गुंगी येते. थोडक्यात, नियम आजाराला माफ करतात आणि त्या आजाराच्या परिणामांना करत नाहीत. ज्याला उडायचं आहे त्याने यावरून काय ओळखायचं हे उघड आहे. तरीही नेमकं उलट घडतं : गोळी टाळली जाते आणि झटक्याचा धोका पत्करला जातो.

याचं एक कारण भीती. अमेरिकेत ३,७६५ वैमानिकांची एक पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून अधिकांनी, ५६ टक्क्यांनी, कबूल केलं की प्रमाणपत्र जाईल या धास्तीने आपण कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळली किंवा माहिती लपवली. व्यावसायिक वैमानिकाच्या बाबतीत ही भीती निदान समजू शकते. त्याची रोजीरोटी त्यावर असते. मानसिक आजार किंवा फिट यांसारख्या गोष्टींत तर ती पुष्कळदा खरीही ठरते, कारण तिथली प्रक्रिया लांब, खर्चिक आणि बेभरवशाची आहे. पण रक्तदाबाच्या बाबतीत ती साफ चुकीच्या जागी लागलेली आहे. डॉक्टरांकडे न गेल्याने वाचतं काय, तर एका फॉर्मवरचं एक उत्तर. त्यात गोळी चालू असून फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, तर केंद्रीय यंत्रणेपुढे खोटं निवेदन केल्याचा गुन्हा वेगळाच. ज्या आजाराला नियम सहज परवानगी देतात तो लपवण्यासाठी गुन्हा करणं, हा व्यवहार कुठल्याही बाजूने फायद्याचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अनुभवी वैमानिकच घेतात. गोळी जमिनीवर ठीक. हवेत तीच घात करणार नाही का? साठ अंशांच्या झुकावात उंची न सोडता विमान वळवलं तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट भार येतो. हृदय आणि मेंदू यांच्यात साधारण एक फुटाचं अंतर असल्याने, दर एका ‘जी’मागे मेंदूपाशी पोचणारा दाब सुमारे २२ मिलिमीटरने घटतो. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून ही तूट भरून काढतं. रक्तदाबाची काही औषधं नेमकी याच प्रतिक्रियेच्या आड येतात : अल्फा ब्लॉकर रक्तवाहिन्या आवळू देत नाहीत, बीटा ब्लॉकर ठोक्यांना लगाम घालतात. लघवी वाढवणारी गोळी घेऊन, उन्हाळ्यात दोन तास तापलेल्या कॉकपिटमध्ये, ‘वाटेत सोय नाही’ म्हणून पाणी न पिता बसलेला माणूस उतरून उभा राहताच घेरी येऊन पडू शकतो. चार आसनी सेसना १७२ मध्ये प्रसाधनगृह नसतं, ही बारीक वाटणारी बाब औषध निवडताना चांगलीच मोठी होते.

म्हणून हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यातून ‘गोळी नको’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘कुठली गोळी आणि केव्हा’ हा प्रश्न निघतो. युरोपीय नियमांच्या मार्गदर्शनात ग्राह्य औषधांची जी यादी दिली आहे तीत अल्फा ब्लॉकर नाहीत, जोरकस मूत्रल औषधं नाहीत आणि बीटा ब्लॉकर निवडकच आहेत. यादीचा भर आहे तो ‘प्रिल’, ‘सार्टन’ आणि ॲम्लोडिपिनच्या कुळावर. हौशी वैमानिकासाठी मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो. रॅमिप्रिलच्या कुळातल्या औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो, ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. पण ही दुखणी विमान पाडणारी नव्हेत. औषध नवीन सुरू झालं किंवा मात्रा बदलली की शरीराची सवय होईपर्यंत जमिनीवर राहायचं, हे नियमही सांगतात. हवाई कसरती करणाऱ्याने याहून जास्त सावध राहावं. रविवारी सरळ रेषेत शेजारच्या गावी जाऊन येणाऱ्यावर मात्र एरवी दीड ‘जी’सुद्धा क्वचितच येतो.

रक्तदाब किती खाली आणायचा, याबद्दलही वैमानिकाचं गणित थोडं निराळं असू शकतं. २०१५ च्या ‘स्प्रिंट’ या गाजलेल्या अमेरिकन चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या ९,३६१ लोकांचे दोन गट केले होते. एकाचं उद्दिष्ट १४० च्या खाली, दुसऱ्याचं १२० च्या खाली. दुसऱ्या गटात हृदयाच्या आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्या, मृत्यूही घटले, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पण त्याच गटात दाब फार उतरणं, भोवळ येऊन शुद्ध हरपणं आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. घरी सोफ्यावर आलेली भोवळ आणि तीन हजार फुटांवर एकट्याने विमान चालवताना आलेली भोवळ यांत फरक आहे. त्यामुळे प्रत्येक वैमानिकाने १२० चा हट्ट धरावा असं मला वाटत नाही. १३० च्या आसपास, तेही उभं राहिल्यावर चक्कर येत नाही याची खात्री करून, हे बहुतेकांना पेलणारं उद्दिष्ट आहे. त्यापुढचं ठरवताना डॉक्टरला आपण विमान चालवतो हे माहीत असलं पाहिजे.

‘माझा रक्तदाब फक्त डॉक्टरांसमोर वाढतो’ हा तिसरा बचाव. असं होतं, हे खरंच आहे. आणि ज्याची हौस त्या एका आकड्यावर टांगलेली आहे त्याचा दाब त्या खोलीत चढणं तर स्वाभाविकच. शिवाय मोजण्याच्या चुकाही पुष्कळ. आल्या आल्या मोजणं, पाठीला टेकू नसणं, हात लोंबकळता ठेवणं, मोजताना गप्पा मारणं, नुकतीच कॉफी पिणं यांपैकी कशानेही आकडा फुगतो. २०२३ च्या एका प्रयोगात, ज्यांना सर्वांत मोठ्या पट्ट्याची गरज होती अशा जाड दंडाच्या लोकांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा जवळपास २० ने जास्त आला. पण या बचावाची शहानिशा घरी करता येते. दंडावर बांधायचं साधं यंत्र घ्यावं, पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजावं, सगळे आकडे लिहून ठेवावेत. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर बचाव खरा. शंका उरलीच तर चोवीस तास पट्टा बांधून तपासता येतं. मात्र ही चाचणी दोन्ही बाजूंनी चालते. काहींचा दाब दवाखान्यात सभ्य आणि घरी, कामावर, रात्री चढलेला असतो. तपासणीच्या आधी पंधरा दिवस मीठ सोडून, दारू बंद करून, सकाळची कॉफी टाळून १४८ वर ‘पास’ होणारा वैमानिक या दुसऱ्या गटात स्वतःहून भरती होतो.

चौथा मुद्दा अमेरिकेत अलीकडे जोर धरून आहे. १ मे २०१७ पासून तिथे ‘बेसिकमेड’ नावाची वाट खुली झाली. २००६ च्या जुलैनंतर कधीतरी प्रमाणपत्र मिळवलेल्या खासगी वैमानिकाला आता विमानवैद्यकतज्ज्ञाकडे जायची गरज नाही. चार वर्षांतून एकदा आपल्याच डॉक्टरकडून तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतो. या वाटेने जाणाऱ्यांचे अपघात वाढल्याचं एफएएच्या स्वतःच्या तुलनेतही दिसलं नाही. मग आकड्याची एवढी चिंता कशाला? माझ्या मते यातून माझंच म्हणणं बळकट होतं. हवेत वैमानिक अचानक निकामी झाल्यामुळे होणारे अपघात मुळातच विरळ. रक्तदाब आपलं काम कॉकपिटमध्ये क्वचित आणि घरी, झोपेत, कार्यालयात जास्त करतो. म्हणून उपचारांचं खरं कारण हवाई सुरक्षा हे नसून उडण्याची वर्षं हे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेला तर बेसिकमेडच्या वाटेवरही आधी एफएएकडून खास परवानगी मिळवावीच लागते. जे. आर. डी. टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई हा आपला जुना प्रवास छोट्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. त्या वयात कॉकपिटमध्ये बसायचं असेल तर धमन्यांचा हिशेब चाळिशी-पन्नाशीतच सांभाळावा लागतो, मग परवाना अमेरिकेचा असो की आपल्या डीजीसीएचा.

गोळ्यांशिवायचे उपाय सर्वांना पाठ असतात, तेव्हा त्यांबद्दल थोडक्यात. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर देणाऱ्या ‘डॅश’ आहाराने १९९७ च्या चाचणीत उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा सुमारे ११ ने उतरला. म्हणजे एखाद्या गोळीइतका. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं-पापडाच्या ताटाला ते अवघड आणि अमेरिकन वैमानिकांच्या आवडत्या ‘शंभर डॉलरच्या बर्गर’ला, म्हणजे केवळ खाण्याच्या निमित्ताने शेजारच्या धावपट्टीवर जाऊन येण्याला, त्याहून अवघड. घोरणारा, दिवसा पेंगणारा आणि तीन गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब असलेला माणूस झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासाठी तपासून घ्यायलाच हवा. तो विकार दाब चढवतो आणि हवेत डुलकीही आणतो. सर्दीच्या गोळ्यांकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने आणि अंगदुखीच्या आयबुप्रोफेनने रक्तदाब वाढतो. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांत सर्रास असलेलं डायफेनहायड्रामिन तर, अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९९० ते २०१२ मधल्या मृत वैमानिकांच्या तपासण्या पाहिल्या तेव्हा, गुंगी आणणाऱ्या औषधांत सर्वाधिक वेळा सापडलं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या टेल्मिसार्टनला घाबरणारा माणूस ही गोळी चिठ्ठीशिवाय विकत घेतो आणि विमानात बसतो.

उरतो प्रश्न वेळेचा. बहुतेक जण प्रमाणपत्राची मुदत संपत आली की जागे होतात. मग घाईघाईने औषध सुरू होतं, मात्रा बदलत राहते, आणि ‘उपचार स्थिर आहेत’ असं लिहून देणं कुठल्याच डॉक्टरला जमत नाही. त्यापेक्षा नवीन प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच महिन्यात घरचं मोजमाप सुरू करावं. पुढची तपासणी दोन वर्षांवर असते. एक औषध मानवलं नाही तर दुसरं, मात्रा कमी-जास्त, चार-सहा किलो वजन उतरवणं, या सगळ्याला तेवढा अवधी पुरेसा असतो. मधल्या बदलांच्या वेळी काही दिवस विमान हँगरमध्ये राहील. तपासणीच्या दिवशी डॉक्टरसमोर एका अस्वस्थ सकाळचा आकडा ठेवण्याऐवजी कित्येक महिन्यांची नोंदवही ठेवता येईल, आणि त्या सकाळी दाब थोडा चढला तरी त्याचा अर्थ लावायला डॉक्टरांच्या हाती काहीतरी असेल.