यंत्र वाजते, माती बोलते

पडक्या वाड्याच्या जागेवर धातुशोधक यंत्र वाजले, की मन गुप्तधनाकडे धावते. यंत्राच्या वेटोळ्यातील बदलत्या चुंबकीय प्रभावाने धातूत वीज खेळते. ती ओळखून ते वाजते, एवढेच. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे माती सांगते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. पण तेथल्या सातवाहनकालीन विटांच्या घरांची हकीकत सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ साली थर उलगडून वाचली. कष्टकऱ्याच्या घरात धातू थोडा, खापरेच फार. घाईच्या खड्ड्यात त्याचाच इतिहास आधी बुडतो. म्हणून कुदळ थांबवा. दहा रुपयांवरील गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असा १८७८ चा कायदाही आहे.