गहू पुन्हा ताटात घेण्यापूर्वी

गोव्यातील आमोण्यासारख्या मांडवीकाठच्या गावात, जेथे पेज, उकड्या तांदळाचा भात आणि नाचणीचे तिझन हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता, तेथे समस्त कुटुंबाने काही आठवडे ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिन, वर्ज्य करणे तितके दुष्कर नाही. जपावे लागते ते पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उंड्यापासून, मासळीला लावलेल्या रव्यापासून आणि गव्हाचे पीठ मिसळलेल्या डबीतल्या हिंगापासून.

खरी कसोटी पथ्य सोडताना. सीलियाक या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची रक्ततपासणी ग्लुटेन पोटात जात असतानाच विश्वसनीय ठरत असल्यामुळे, ती आधी झाली नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या मुदतीपर्यंत रोज गहू खाऊन मगच ती करावी लागते. विकार निश्चित झालेल्यांना ग्लुटेन आजन्म निषिद्ध. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही घरगुती प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये.

इतरांनी आरंभ साध्या अर्ध्या चपातीने करावा, पावाने नव्हे, कारण पावात खमिरासारखे इतर जिन्नस असल्याने दोषी कोण हे उमगत नाही. दोन-तीन दिवसांत प्रमाण बेताने वाढवावे, तेवढ्यात दुसरा नवा पदार्थ घेऊ नये आणि प्रत्येकाच्या तक्रारींचा तपशील वेगळा लिहावा. त्रास झालाच तरी दोषी ग्लुटेनच असेल असे नाही; गव्हात फ्रुक्टान नामक कर्बोदकही असते, जे कांद्या-लसणातही आढळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील संशोधनात, स्वतःला ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या अनेकांचा त्रास या फ्रुक्टानानेच अधिक वाढलेला दिसला.

घरातील मुलाचे वजन घटत असेल वा पंडुरोग हटत नसेल, तर हे प्रयोग तहकूब ठेवून आधी डॉक्टरांना गाठावे.