शुक्रनीतींतील लघुनालिक : तोड्याची बंदूक कीं चकमकीची ?

शुक्रनीतींत बंदुकीचें वर्णन आहे, सबब ही विद्या आपल्याकडे अतिप्राचीन काळीं होती, असें विधान वारंवार केलें जातें. गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं मद्रासेंत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याच आधारावर भर दिला. अवसरी बुद्रुक येथें माझ्याकडे पोथ्या दाखविण्यास येणारी मंडळीही हाच विषय काढतात. त्याचा निर्णय बंदुकीच्या यंत्रावरून करतां येतो, असें मला वाटतें.

जुन्या बंदुकींची मुख्य यंत्रें दोन. तोड्याच्या बंदुकींत सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुताची दोरी पेटती ठेवावी लागते. चाप ओढला म्हणजे दोरीचें जळतें टोंक रंजकेवर टेकतें, आणि कानांतून आग नळींतील बारापर्यंत पोंचते. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा असतो. चाप ओढतांच ती गार पोलादी पट्टीवर आदळते, पट्टी मागें सरून रंजक उघडी पडते व तींत ठिणग्या पडतात. तात्पर्य, पहिलींत अग्नि आधींच सिद्ध असतो. दुसरींत तो आघातानें त्या क्षणीं उत्पन्न होतो.

गुणदोषही यावरूनच ठरतात. तोडा पावसांत विझतो, रात्रीं शत्रूस दिसतो, आणि दाट रांगेंत शेजाऱ्याच्या दारूस धोका करितो; परंतु यंत्र साधें, गांवचा लोहारही दुरुस्त करील असें. चकमक जलद व रांगेस सोईची. पण गार झिजली कीं बार चुकतो. म्हणून एक यंत्र येतांच दुसरें नाहींसें झालें नाहीं. पानिपतावर १७६१ सालीं इब्राहिमखानाच्या गारद्यांजवळ चकमकीच्या बंदुका होत्या. महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयनानें उभारलेल्या फौजेंत तेलंगे चकमक वापरीत, तर नजीबांकडे तोड्याच्या बंदुका असत.

आतां मूळ ग्रंथाकडे वळूं. लघुनालिकाची नळी पांच वितस्ति लांब, दोन्ही टोंकांस नेम धरण्यासाठीं तिळाएवढे बिंदु, खालीं चांगल्या लांकडाचा दस्ता आणि दारू ठासण्यास शलाका, असें तेथें सांगितलें आहे. कर्णमूलाच्या विशेषणांत यंत्र, आघात, अग्नि, ग्राव व चूर्ण हीं पदें एकाच समासांत आलीं आहेत. ‘यंत्राच्या आघातानें अग्नि करणारा ग्राव व चूर्ण धारण करणारें’ असा विग्रह सरळ होतो. कोणी ‘ग्रावचूर्ण’ हें एकच पद धरून दारू असा अर्थ करील. तरीही आघातानें अग्नि उत्पन्न होतो, हें उरतेंच. तोडा आघात करीत नाहीं, केवळ स्पर्श करितो. अर्थात् वर्णन चकमकीच्या जातीचें आहे. मराठींतही बत्तीच्या छिद्रास ‘कान’च म्हणतात, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

दगडानें रंजक पेटविण्याची युक्ति पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वींची दिसत नाहीं. पूर्ण स्वरूपाची चकमक फ्रान्सांत १६१० च्या सुमारास सिद्ध झाली. तेव्हां हे श्लोक त्या मागें नेतां येत नाहींत. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं संपूर्ण ग्रंथच एकोणिसाव्या शतकाचा ठरविला. यंत्राचा पुरावा एवढा दूर पोंचत नाहीं. तो त्या श्लोकांपुरता आहे, कारण ते मागाहून घातलेले असूं शकतील. पण त्या श्लोकांच्या बळावर प्राचीन बंदूक सिद्ध होत नाहीं, एवढें निश्चित. पूर्वजांचा गौरव खऱ्या आधारावर करावा. उसन्या आधारानें तो उणाच होतो.

संग्राहकांस एक विनंती. दप्तरांतील यादींत नुसता ‘बंदूक’ शब्द दिसल्यास पुढील जिन्नस अवश्य पाहावे. सूत व तोडे असल्यास एक यंत्र, गारा असल्यास दुसरें. मात्र ‘तोडा’ म्हणजे पायांतील दागिना आणि हजार रुपयांची थैलीही होय. म्हणून त्या शब्दाच्या शेजारीं दारू आहे, सोनें आहे कीं रक्कम आहे, हें पाहूनच अर्थ लावावा.