बिऱ्हाड हलवताना



पेडणे, डिचोली भागातील बरीच कुटुंबे नोकरी-धंद्यानिमित्त म्हापसा, पणजी, फोंडा येथे राहायला जातात. कुणाचे जुने घर दुरुस्तीला निघते, कुणी त्याच गावात दुसऱ्या वाड्यावर नवे घर बांधतो. कारण कोणतेही असो, शेवटच्या आठवड्यात घाई होते आणि घाईत नेमके नको ते हरवते. म्हणून या कामाची रीत समजून घेऊया.

कुर्डी गावाचा धडा

सांगे तालुक्यातील कुर्डी हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. सुमारे सहाशे कुटुंबांना वाडे आणि वालकिणी येथे नव्या वसाहतीत जावे लागले. गावचे प्राचीन महादेव मंदिर मात्र दगड न दगड सुटा करून सुमारे १७ किलोमीटर दूर, धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. खुणा आणि क्रमांक घातल्याशिवाय असे काम होत नाही. घरे, अंगणे मागेच राहिली. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर आजही तिथे जमतात आणि आपल्या घराचा चौथरा शोधतात.

आपल्या भागाच्या शेतीला तिळारीचे पाणी मिळते. त्या धरणासाठीही दोडामार्ग तालुक्यातील गावे उठली. या लोकांना निवड नव्हती. आपल्याला ती असते, वेळही असतो. त्या वेळात आधी काय सांभाळायचे? जे बाजारात पुन्हा मिळते ते नंतर, आणि जे पुन्हा मिळत नाही ते आधी.

पहिली पेटी कागदपत्रांची

कपाट, सोफा पुन्हा घेता येतो. आजोबांच्या ट्रंकेतील पिवळा कागद घेता येत नाही. आपल्याकडे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्यामुळे जुन्या घरांत पोर्तुगीज भाषेतील दस्तऐवज आणि मोडी लिपीतील कागद सापडतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. असे करू नका. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखाली हक्क सांगताना खंडाची जुनी पावती, घरपट्टीची पावती किंवा एखादे जुने पत्रसुद्धा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय एकही कागद टाकू नये.

जन्मदाखले, गुणपत्रिका, जमिनीचे व बँकेचे कागद एका पेटीत ठेवावे. प्रत्येकाची प्रत काढून नातेवाइकाकडे द्यावी. ही पेटी टेम्पोत चढवू नये; घरातील मोठ्या माणसाने ती स्वतःजवळ ठेवावी.

शाळेचा दाखला

२०२५ साली गोव्यात माध्यमिक शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले. त्यामुळे 'मेच्या सुट्टीत बघू' हा जुना हिशेब चालत नाही. नव्या गावच्या शाळेत जागा आहे का, मराठीतून शिकण्याची सोय आहे का, दुसरी भाषा कोणती, याची चौकशी वर्ष संपण्यापूर्वी करावी आणि मगच शाळा सोडल्याचा दाखला मागावा. शक्यतो वर्षाच्या मध्यावर मुलाला उठवू नये. निघणे भागच असेल तर वर्गशिक्षकांना आधी सांगावे, म्हणजे कोणता अभ्यास झाला आणि कोणता राहिला हे ते लिहून देऊ शकतात.

पत्ता बदलणे

मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. आधार, बँक, विमा, पोस्ट आणि शिधापत्रिका यांवरील पत्ताही बदलावा. दुसऱ्या गावी जात असाल तर गॅस एजन्सीकडे सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे. भाड्याचे घर सोडताना विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून शेवटचे बिल भरावे व पावती जपावी.

बांधाबांध

कुर्डीच्या मंदिराची रीत येथे वापरावी. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि एका वहीत क्रमांकापुढे आतील वस्तू लिहाव्या. हे काम मुलांकडे द्यावे. पुस्तके लहान खोक्यांत भरावी, मोठे खोके कुणाला उचलवत नाही. काचेची भांडी चादरी व साड्यांत गुंडाळली तर वेगळा कागद लागत नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसावा, उभाच न्यावा आणि पोचल्यावर काही तास थांबून मग चालू करावा.

वाड्यावरच्या अरुंद वाटेने मोठा ट्रक येत नाही. टेम्पो ठरवण्यापूर्वी चालकाला वाट दाखवावी. पाऊस सुरू झाल्यावर निघायचे असेल तर ताडपत्री हवीच. पहिल्या रात्रीची एक पिशवी वेगळी ठेवावी: औषधे, टॉर्च, काडेपेटी, चहाचे साहित्य, एकेक जोड कपडे आणि शाळेचे दप्तर. ती शेवटी चढवावी, म्हणजे आधी उतरते.

घरातील माणसे

आजी-आजोबांना नव्या घरात सर्वांत जास्त चुकल्यासारखे होते. त्यांची खाट, त्यांचा तांब्या, त्यांचा देवांचा फोटो पहिल्याच दिवशी लावावा. रात्री उठल्यावर दिव्याचे बटण कुठे, न्हाणीघर कुठे हे त्यांना दोन-तीनदा दाखवावे. मुलांनी मित्रांचे पत्ते व फोन नंबर वहीत लिहून घ्यावे.

मूळ घर बंद राहणार असेल तर त्याचीही व्यवस्था लावावी. पावसाळ्यापूर्वी नळे चाळून घ्यावे, विहिरीवर जाळी घालावी, विजेचा मुख्य स्विच बंद करावा. पंचायतीची घरपट्टी दरवर्षी न चुकता भरावी. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी आणि चवथीला सर्वांनी मिळून घर उघडावे. बंद घराला वाळवी लवकर लागते आणि जे घर आपण वर्षानुवर्षे बघितले नाही, त्याच्या सीमा मुलांना दाखवता येत नाहीत.