एक्सप्लोरर निवृत्त झाला. किनाऱ्यावरच्या फोनचे काय?

15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला सेवानिवृत्त केल्यावर त्याच्या नावाने जे विनोदी मृत्युलेख प्रसृत झाले, ते वाचून वेबच्या प्रगतीतील एकमेव अडसर दूर झाला, अशी कोणाचीही समजूत व्हावी. दक्षिण कोरियातील एका अभियंत्याने तर त्याची समाधिशिळाच उभारली. कोरियाला हे सुचावे यात नवल नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या देशाने बँकव्यवहारांसाठी स्वतःची कूटलेखनपद्धती घडविली, ती चालविणारी अ‍ॅक्टिव्हएक्सची जोडणी केवळ एक्सप्लोररमध्ये बसत असे, आणि मग वर्षानुवर्षे साऱ्या राष्ट्राचा पैका एकाच परकीय कंपनीच्या ब्राउझरमधून ये-जा करीत राहिला. डिजिटल स्वाक्षरीने सरकारी निविदा भरणाऱ्या आपल्या ठेकेदारांनाही हा जाच अपरिचित नाही. एक्सप्लोररवर अडलेल्या अशा कचेऱ्यांच्या सोयीसाठी मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरच्या पोटात एक्सप्लोररची जुनी चाल निदान 2029 पर्यंत कायम राहणार आहे. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी कंत्राटी नेमणुकीवर त्याच खुर्चीत येऊन बसणाऱ्या अधिकाऱ्याची ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

या निवृत्तीने सर्वांत अधिक कोणी सुखावले असेल, तर ते वेब कंपोनंटचे पुरस्कर्ते. ठराविक टॅगांपलीकडे पानाच्या कर्त्याला स्वतःचे टॅग निर्माण करता यावेत आणि त्यांची अंतर्गत रचना शॅडो डॉमच्या कुंपणाआड सुरक्षित राहावी, ही कल्पना त्या वेळी गूगलमध्ये असलेल्या अ‍ॅलेक्स रसेल यांनी 2011 साली जाहीरपणे मांडली. तिचे सुधारलेले रूप क्रोमने 2016 मध्ये, सफारीने 2017 च्या मार्चपर्यंत, फायरफॉक्सने ऑक्टोबर 2018 मध्ये 63व्या आवृत्तीत, आणि एजने जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे स्वतःचे इंजिन टाकून क्रोमियम पत्करल्यावर, अंगीकारले. एक्सप्लोरर मात्र अखेरपर्यंत रुजू झालाच नाही. बटणासारख्या मूळच्या टॅगावरच नवा टॅग बेतण्याच्या पोटकलमाला सफारीची हरकत आहे, ती आजही कायम आहे. एवढा अपवाद सोडला, तर सर्व ब्राउझरांत समर्थन आले, असे मानण्याचा प्रघात पडला आहे.

परंतु ‘सर्व’ म्हणजे कोण? 21 जुलै 2017 रोजी जाहीर झालेला आणि परत मिळण्याजोग्या 1500 रुपयांच्या अनामतीवर घरोघर पोचलेला जिओफोन या हिशेबात कोठेच बसत नाही. अडीच इंचांहूनही लहान पडदा, 512 मेगाबाइट स्मृती आणि त्यावर चालणारी कायओएस प्रणाली. तिचे इंजिन फायरफॉक्सच्या 48व्या आवृत्तीचे, म्हणजे ऑगस्ट 2016 चे. वेब कंपोनंट त्यानंतर पंधरा आवृत्त्यांनी आले. आजच्या पानांची मांडणी ज्या सीएसएस ग्रिडवर उभी असते, तेही या इंजिनाला ठाऊक नाही. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारी पट्ट्यात ज्यांच्या कनवटीला हा फोन अद्याप आहे, त्यांच्यापुरता एक्सप्लोरर मेलेला नाही. त्याने केवळ नाव बदलले आहे.

यावर उपाय वेबच्या मानकातच आहे, आणि तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. अनोळखी टॅग दिसला, तर ब्राउझर अडून बसत नाही. टॅगाकडे दुर्लक्ष करून त्याच्या पोटातील मजकूर तसाच दाखवितो. समजा, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाणाऱ्यांसाठी कोणी भरती-ओहोटीचा टॅग केला. (त्याच्या नावात संयोगचिन्ह हवेच, आणि पहिले अक्षर रोमनच हवे, पुढे देवनागरी चालते.) त्याच्या पोटात त्या दिवसाची तिथी, उधाण की भांग, आणि पाणी कधी उतरणार व कधी चढणार, एवढे साध्या अक्षरांत लिहिले असेल, तर नवा ब्राउझर त्यावरून सुबक आलेख काढील आणि जुना ती अक्षरे जशीच्या तशी दाखवील. पण तोच मजकूर पोटात न ठेवता जावास्क्रिप्टने मागाहून आणून भरण्याची तजवीज केली असेल, आणि हल्ली बहुधा तशीच केली जाते, तर जुन्या फोनवर त्या जागी कोरा चौकोन उरतो. दोष मानकाचा नसून ते राबविणाऱ्याच्या आळसाचा असतो.

विशेष म्हणजे, या आळसावर सर्वांत कडाडून तुटून पडणारे गृहस्थ खुद्द रसेलच आहेत. सुमारे 200 डॉलरचा फोन आणि सेकंदाला 400 किलोबिटांचे जाळे गृहीत धरून, पाच सेकंदांत पान वापरण्याजोगे व्हायचे तर त्याचा संकुचित ऐवज 130 ते 170 किलोबाइटांत बसला पाहिजे, असा हिशेब त्यांनी 2017 मध्ये मांडला. ज्याने वेबला नवे अवयव दिले त्यानेच त्यांच्या वजनाची मर्यादा घालून द्यावी, याला मी बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणतो. मात्र त्यांचा हा ‘सामान्य’ फोन त्या वेळच्या भावाने जिओफोनच्या अनामतीहून आठ पटींनी महाग होता, हेही विसरून चालणार नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे वीज आणि मोबाइलचे जाळे दोन्ही कोलमडले. अशा घटकेला क्षीण जाळ्यातून जुन्या फोनवर पोचू शकते ते केवळ साध्या अक्षरांचे पान. मासेमारीबंदीच्या काळात होड्या ओढून शाकारलेल्या असतात. बंदी उठली की त्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात, आणि इशाऱ्यांची पाने पुन्हा उघडली जाऊ लागतात. सरकारी संकेतस्थळे निरनिराळ्या ब्राउझरांवर तपासून पाहावीत, असे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची 2009 पासूनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतातच. त्यांत एका कलमाची भर घालावी: जावास्क्रिप्ट बंद ठेवून आणि 512 मेगाबाइटांच्या फोनवर पान वाचता आल्याखेरीज ठेकेदाराचे देयक मंजूर करू नये. नव्या मानकांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु पैसा जनतेचा असेल, तर काम पुरे झाल्याचा दाखला विकासकाच्या लॅपटॉपने देऊ नये, तो त्या फोनने द्यावा.