हंगामी वस्तीचे सांडपाणी

१९७१ साली पूर्व बंगालमधून जीव मुठीत धरून आलेल्या सुमारे एक कोटी माणसांपैकी काहींना कलकत्त्यालगतच्या सॉल्ट लेक परिसरात जो निवारा लाभला, तो म्हणजे नियोजित नगराच्या भुयारी गटारांसाठी आणून ठेवलेले काँक्रीटचे प्रचंड नळ होते. ज्यांतून उद्याच्या नागरिकांचे सांडपाणी वाहून जायचे, त्यांतच निर्वासितांनी चुली मांडल्या आणि पोरे निजवली. त्यांच्या स्वतःच्या सांडपाण्याला मात्र वाट नव्हती. गेल्या अर्धशतकातील छावण्यांच्या स्वच्छतेचा मागोवा घेऊ लागले, की हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याच वर्षी बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पटकीच्या रोग्यांना पाजले, आणि शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या खाली आणले. या उपकाराचे मोल कोणत्याही हिशेबात बसणार नाही. परंतु पटकीने ग्रासलेला माणूस वाचवणे निराळे आणि पटकी पिण्याच्या पाण्यात उतरूच न देणे निराळे. दुसऱ्या कार्याकडे जगाचे लक्ष वळायला आणखी दोन तपे आणि फार मोठा बळी लागला.

तो बळी १९९४ च्या जुलैत गोमा येथे पडला. रवांडातून पळालेले लाखो लोक किवू सरोवराच्या काठी ज्वालामुखीच्या ज्या कातळावर विसावले, त्यात कुदळ शिरेना, म्हणून शौचकूप खणता येईनात. ज्या सरोवराचे पाणी प्यायचे त्याच्याच काठी देहधर्म उरकणे भाग पडले, आणि पहिल्याच महिन्यात सुमारे ५०,००० माणसे दगावली. या आघातानंतर १९९७ मध्ये मदतसंस्थांनी ‘स्फिअर’ नावाचा उपक्रम हाती घेऊन किमान दंडक ठरवले: माणशी रोज १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचकूप, आणि शौचकूप व भूजलाचा स्रोत यांत ३० मीटरांचे अंतर. दंडक मोलाचे होते. पण माणशी १५ लिटर पाणी दिले, की लाख वस्तीच्या छावणीत रोज १५ लाख लिटर पाणी येते आणि त्यातील बहुतेक मलिन होऊन परत निघते, या दुसऱ्या बाजूची तजवीज पहिल्या दिवशी क्वचितच कोणी केली.

जुलै २०१२ मध्ये जॉर्डनच्या वाळवंटात सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या झातारी छावणीने ही दुसरी बाजू स्पष्ट केली. जेथे पाण्याचा थेंबन्‌थेंब मोलाचा, अशा त्या देशात छावणीखालीच भूजलाचा साठा होता, आणि सामुदायिक शौचालयांचा मैला टँकरने दूर नेला जात होता. परंतु रात्री अंधारातून तेथवर जाणे स्त्रियांना भयप्रद वाटे. तेव्हा कुटुंबांनी आपापल्या निवाऱ्याशेजारी न्हाणी आणि शौचालये उभी केली, खड्डे खणले, आणि धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी रस्त्याकडेला चर पाडले. अखेरीस अभियंत्यांनी लोकांच्याच वाटेने जाणे पत्करले: घराजवळ टाक्या बसल्या, त्यांना नळ जोडले गेले, आणि छावणीतच सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले.

ऑगस्ट २०१७ नंतर बांगलादेशातील कुतुपालाँगच्या टेकड्यांवर काही महिन्यांत लाखो रोहिंग्या निर्वासित आले, तेव्हा घाईघाईने सिमेंटची चारपाच कडी जमिनीत उतरवून शौचकूप केले गेले. ते लवकरच तुडुंब भरले, आणि उथळ हातपंप कित्येक ठिकाणी त्यांच्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होते. निसरड्या पायवाटांवर गाडी चढेना, म्हणून पंपाने उपसलेला मैला पिंपात भरून, पिंप बांबूला अडकवून दोघांनी खांद्यावरून उतारावर न्यायचा, त्यात चुना कालवून जंतू मारायचे आणि मग तो वाळवायचा, हे काम निर्वासितांनीच पत्करले. २०१९ च्या आरंभी ऑक्सफॅम या मदतसंस्थेने तेथे दीड लाख लोकांचा, म्हणजे रोज ४० घनमीटर मैला शुद्ध करणारे केंद्र सुरू केले. त्यात तळ्यांमागून तळी आणि शेवटी पाणवनस्पतींची दलदल अशी रचना आहे. बलाढ्य यंत्रांऐवजी उतार, वनस्पती आणि वेळ यांच्याकडून काम करून घेणारी ही युक्ती मला या साऱ्या प्रवासातील सर्वांत शहाणी वाटते.

मग हे शहाणपण यायला इतका विलंब का? माझ्या मते, सारा दोष ‘हंगामी’ या शब्दाचा आहे. आश्रय देणाऱ्या सरकारला पक्के गटार म्हणजे पाहुण्यांच्या कायम मुक्कामाची कबुली वाटते, आणि देणगीदारांची तरतूद बहुधा वर्षापुरती असते. परंतु छावण्या दप्तरातील मुदत पाळत नाहीत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. आज ते मोठे शहर आहे आणि त्याचे मलिन पाणी वालधुनी नदी वाहते आहे.

वस्ती खरोखरच चार दिवसांची असली, तरी हे काम टळत नाही. लग्नाचा मांडव उद्या उतरायचा असतो, म्हणून कोणी पंगतीच्या उष्ट्या पाण्याला विहिरीकडे वाट काढून देत नाही. मांडव घालणारा जाणता माणूस पहिली मेढ रोवण्यापूर्वीच जमिनीचा उतार पाहतो. परागंदा होऊन दारी आलेल्यांसाठी तंबूची पहिली मेख ठोकतानाही उतार पाहिलाच पाहिजे.